वितळली का उडाली?

जगात जे जे म्हणून बंद पडते ते दोनच कारणांनी बंद पडते आणि तिसरे कारण अजून जन्माला यायचे आहे, असे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझ्या आतेबहिणीचा नवरा निघाला. खामगावात एका लाकडाच्या वखारीत ते मिस्त्री होते. आमच्या घरातली थोरली माणसे त्यांना जवाई म्हणत, मी भाऊजी म्हणे. मोटार असो, शिवणयंत्र असो, पोटदुखी असो की दोन भावांमधला अबोला असो, काहीही बिघडल्याचे कानावर आले की मान जराशी तिरकी करून ते विचारीत, "वितयली का उडाली?" हा प्रश्न मुळात फ्यूजच्या तारेचा. तार मऊ होत होत मधोमध थेंब धरून तुटली असेल तर ती वितळली. म्हणजे भार जास्त झाला, तो कमी करा. आणि फाटकन जाऊन डबीला काळे फासून गेली असेल तर ती उडाली. म्हणजे दोन तारा नको तिथे एकमेकींना भिडल्या, त्यांना लांब करा. विजेपुरते हे बरोबरच होते. पण भाऊजींनी विजेपुरते काहीच ठेवले नव्हते.

त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझी आत्या, एका दिवाळीत त्यांच्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. दुसरा जावई असता तर रुसून निघून गेला असता. भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शांतपणे तपास करू लागले. आत्या एकदम ओरडली होती का, की हळूहळू गप्प होत गेली, असे त्यांनी घरातल्या प्रत्येकाला विचारले. हळूहळू, असे उत्तर मिळाले. "मंग वितयल्या," असा निकाल देऊन त्यांनी धोतर खोचले आणि आडावर जाऊन दिवसभराचे पाणी भरून टाकले. आत्या संध्याकाळी बोलू लागली. पहिले वाक्य "जवायानं पाणी भरलं, आता लोकं काय म्हनतीन?" असे होते, पण बोलली हे खरे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे एकेक वस्तू काढून पाहणे. काही बिघडले की आधी सगळे सोडवायचे, मग एकेक जोडीत जायचे, आणि जे जोडल्यावर बिघाड परत येईल त्याला धरायचे. धाड गावी एका लग्नात जेवून आल्यावर त्यांचे पोट बिघडले. माणूस लंघन करतो, ओवा खातो. यांनी चार दिवस त्या पंगतीतला एकेक पदार्थ घरी करायला लावून वेगवेगळा खाल्ला. पहिल्या दिवशी नुसता भात, दुसऱ्या दिवशी नुसते वरण, तिसऱ्या दिवशी वांग्याची भाजी, चौथ्या दिवशी बुंदी. पोट ठणठणीत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी जाहीर केले की दोष अन्नाचा नाही, वाढणाऱ्याच्या आग्रहाचा आहे. ताईने, म्हणजे माझ्या त्या आतेबहिणीने, कपाळाला हात लावला. चार दिवस वेगवेगळे पदार्थ रांधून तीच वितळायला आली होती.

जळालेल्या तारा ते टाकून देत नसत. तंबाखूच्या एका पत्र्याच्या डबीत त्या ठेवलेल्या असत, आणि कोणती तार कुठे व काय करताना गेली हे त्यांना तोंडपाठ असे. वखारीतल्या कोणी फ्यूजला शिवी हासडली की ते ती डबी उघडून त्याच्या नाकाखाली धरीत. "इनं आपल्यासाठी जीव देल्ला बे, अन् तू इलेच शिव्या देऊन राह्यला?" शिवी देणारा ओशाळा होऊन बिडी पेटवी. भाऊजी डबी बंद करून कोटाच्या वरच्या खिशात ठेवीत. तो कोट ते वैशाखातही काढत नसत, आणि खामगावचा वैशाख ज्याने पाहिला आहे त्याला यापुढे काही सांगायला नको.

आता मुख्य हकिकत सांगतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते आणि खामगावात वीज नवीनच आलेली होती. मी एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो आणि दोन वेळा ताईकडे जेवत होतो. वखारीत पूर्वी मोठी करवत दोन माणसे ओढून लाकूड फाडीत. भाऊजींनी सहा महिने वखारमालक शेटजींच्या मागे लागून विजेची मोटार आणि तिच्यावर चालणारा गोल आरा बसवायला लावला. शेटजी भला माणूस, पण पै आणि पाऊल दोन्ही जपून टाकणारा. करवत ओढणाऱ्यांपैकी सगळ्यात म्हातारा जो होता त्याला काढायचा नाही, त्यालाच आऱ्यावर लाकूड ढकलायला ठेवायचे, असा शब्द भाऊजींनी त्याच्याकरता घेतला आणि त्या मोबदल्यात मोटार नीट चालवून दाखवण्याची हमी स्वतःच्या अंगावर घेतली. ताई त्यामुळे खुशीत होती. त्याआधी बीबी गावी तिच्या सासरी तीन जावांमध्ये एक चूल होती. खामगावच्या दोन खोल्यांत ती पहिल्यांदा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाप्रमाणे मीठ घालत होती. मोटार चालली तर या दोन खोल्या राहणार होत्या. नाही चालली तर भाऊजींना परत भावांच्या मळ्यात वांगी-मिरच्या खुडायला जावे लागणार होते, आणि ताईला त्या चुलीपाशी.

मोटार चालली. पोळ्यापर्यंत छान चालली. पोळ्याच्या आदल्या दिवशी वखारीच्या गाडीवानाने आपल्या बैलांचे खांदे हळदीतुपाने शेकले, त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण दिले, आणि मग त्याच्या मनात आले की वर्षभर राबणारे आणखी एक जनावर वखारीत उभे आहे, त्याने काय पाप केले आहे? सणाच्या दिवशी सकाळी त्याने बैल धुतले आणि त्याच बादलीने मोटारही धुतली. चांगली घासून, पोटाखालून. कुंकू लावले, झूल घातली, पुरणपोळीचा घास समोर ठेवला. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी विश्वासाने खटका दाबला. आतल्या फ्यूजमध्ये कोणा उपद्व्यापी माणसाने आधीच जाड तार दुहेरी करून घातली होती, त्यामुळे ती गेली नाही. तिच्याऐवजी रस्त्यावरच्या खांबावरचा फ्यूज मोठा आवाज करून गेला आणि सबंध ओळीतली वीज बंद पडली. पिठाची गिरणी थांबली. वीज कंपनीचा बाबू सायकलवरून आला, मोटारीच्या कपाळावरचे कुंकू त्याने बराच वेळ पाहिले, आणि पुन्हा एकदा खांबावरचा फ्यूज गेला तर जोड तोडून टाकीन असे बजावून गेला. "ही उडाली," एवढेच भाऊजी म्हणाले. गाडीवान रडकुंडीला आला होता. भाऊजींनी त्याला एक शब्द बोलून दाखवला नाही. चार दिवस मोटार उन्हात वाळवली आणि फ्यूजची सगळी तार स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली.

शेटजींनी मात्र मुदत घातली. "दसऱ्याले मशीनची पूजा करीन तं चालत्या मशीनची. बंद मशीनले मी हार घालत नसतो. नाई चालली तं मशीन इकून टाकतो, अन् तुम्ही तुमचा रस्ता पाहा."

आणि इथून खरे दुखणे सुरू झाले. वाळलेली मोटार चालायची, पण रोज सकाळी दहाच्या सुमारास फ्यूज जायचा. आठला नाही, नऊला नाही. भाऊजी तार काढून उजेडात धरीत. मधोमध थेंब. वितळलेली. म्हणजे भार. त्यांनी पट्टा काढून नुसती मोटार फिरवली. दहा वाजून गेले, फ्यूज टिकला. पट्टा घातला, टिकला. आरा लावून लाकडाविना फिरवला, टिकला. दाते बोथट असतील म्हणून कानस घेऊन दातन् दात घासला. मोटारीच्या पोटात भुसा बसला असेल म्हणून लोहाराचा भाता आणून तो फुंकून काढला. तो इतका निघाला की ताईची चूल आठवडाभर त्यावर पेटली. मग ओंडका लावला. दहाला फ्यूज गेला. ओली बाभूळ सोडून वाळलेले सागवान लावले. दहाला गेला. वखारीत कुजबुज सुरू झाली, कारण बरोबर दहा वाजता वखारीच्या दारात शेटजींचा टांगा थांबत असे. मालकाचा पायगुण, असे एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी लाकडाच्या थप्पीला हात लावून देवाचे नाव घेतले.

भाऊजींचा पायगुणावर विश्वास नव्हता, पण दहा वाजण्यावर होता. ते दोन दिवस आऱ्यासमोर स्टूल टाकून नुसते बसून राहिले. शेटजींना वाटले माणूस खचला. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी घास हातात तसाच धरून ताईला सांगितले, "सापडलं." गोष्ट अशी होती. म्हाताऱ्याने सारे आयुष्य करवत ओढली होती. घाम दिसला पाहिजे, छाती धपापली पाहिजे, तरच मालकाचे मीठ खाल्ले असे वाटणारा तो माणूस. शेटजी नसताना तो लाकूड बेताने ढकली. टांग्याच्या घुंगरांचा आवाज आला की तो तळहातांवर थुंकायचा, पाय रोवायचा आणि अख्ख्या अंगाचा जोर ओंडक्यावर टाकायचा. आरा अडे, मोटार कण्हे, तार वितळे.

"मंग म्हाताऱ्याले सांगा ना, हळू ढकल म्हनून," ताई म्हणाली.

"सांगतलं. थो मले म्हने, मालकासमोर हळू ढकलू? कामचुकार समजतीन ना मले. डोयात पाणी आलं वं त्याच्या."

"मंग?"

"मंग काय. मालकच काढून पाहा लागते."

ताईने भाकरी तव्यावर तशीच ठेवली. मालकाला त्याच्याच वखारीत येऊ नका म्हणून सांगणारा नोकर खामगावात तोवर झाला नव्हता. दसऱ्याला पंधरा दिवस उरले होते. ती म्हणाली, "जा. बीबीले जाचं असीन तं सांगून जाऊ. न सांगता कायले जा?" आणि करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली.

मला त्यांनी सोबत नेले, बहुधा साक्षीदार म्हणून. शेटजी ओसरीवर सुपारी कातरत होते. भाऊजींनी कोटाची गुंडी लावली, डबी काढली, आणि दहा-बारा वितळलेल्या तारा त्यांच्यासमोर गादीवर ओळीने मांडल्या. मग त्यांनी पहिल्यापासून सगळे सांगितले, पट्ट्यापासून भात्यापर्यंत. म्हाताऱ्याचा जोर मात्र त्यांनी सांगितला नाही; सांगितला असता तर म्हातारा दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. "आता सगळं काढून झालं, जी. तुम्हीच राह्यले."

शेटजींचा अडकित्ता थांबला. "म्हंजे मी अपशकुनी?"

"अपशकुनी नाई, जी. भार."

मला वाटले, संपले. मी मनातल्या मनात ताईची भांडी बांधायला घेतली होती. शेटजींनी त्यातली एक तार उचलून उजेडात धरली. शेवटी त्यांनी विचारले, "किती दिवस?" भाऊजी म्हणाले, "आठ."

आठही दिवस फ्यूज गेला नाही. सागवान गेले, बाभूळ गेली, कडुनिंबाचा एक गाठाळ ओंडका तोही गेला. फळ्यांची थप्पी छपराला टेकली. आठव्या दिवशी भाऊजी घरी आले तेव्हा त्यांची मान सरळ होती. ती सरळ असलेली मी क्वचितच पाहिली. पाटावर बसून ते म्हणाले, "झाली दुरुस्ती." ताईने ताट वाढले नाही.

"शेटजी कुठी हायेत?"

"घरी. खिडकीत बसते म्हने दिवसभर. आऱ्याचा आवाज आयकते. मी नसलो की सगयं चांगलं चालते, असं म्हने मुनीमजीले."

"अन् तुम्ही म्हनता दुरुस्ती झाली? माणूस काढून ठेवला तुम्ही. पट्टा काढल्यावर परत घातला, आरा काढल्यावर परत घातला. मंग माणूस काऊन नाई घालत? पह्यले त्याईले जोडून या, मंग जेवाले बसा."

भाऊजींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू इतकी वर्षे हाताशी असलेले एखादे हत्यार त्यांना पहिल्यांदाच दिसले. ते उठले, तसेच उपाशी. शेटजींचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. टांगा जोडायलाही त्यांनी वेळ दिला नाही. शेटजींना हाताला धरून, अख्ख्या बाजारातून, लोक पाहत असताना, पायी वखारीत घेऊन आले. मीही जेवण सोडून मागे होतोच. घुंगरांचा आवाज नसल्यामुळे म्हाताऱ्याला कळले नाही. कळले तेव्हा त्याने तळहातावर थुंकायला तोंड उघडले होते. भाऊजींनी त्याला बाजूला केले आणि शेटजींना आऱ्यासमोर उभे केले. "तुम्हीच फाडा, जी. पण फक्त दोन बोटांनी. तिसरं लावाचं नाई."

शेटजींनी आयुष्यात लाकडाच्या पावत्या फाडल्या होत्या, लाकूड नव्हते. भीतभीत त्यांनी फळीच्या मागे दोन बोटे टेकवली. आरा गुणगुणत राहिला आणि फळी जणू आपण होऊन पुढे सरकली, मधून दुभंगली आणि पलीकडे पडली. शेटजी लहान मुलासारखे हसले. त्यांनी दुसरी फळी मागितली. म्हातारा डोळे फाडून पाहत होता. त्याने शेटजींचे कपाळ पाहिले. त्यावर घामाचा थेंब नव्हता.

"मालक दोन बोटानं फाडून राह्यले," तो हळूच म्हणाला, "तं मी काऊन छाती फोडून घेऊ?"

दसऱ्याला मोटारीला झेंडूचा हार शेटजींनी स्वतःच्या हाताने घातला. पाणी कोणी घातले नाही. ताईच्या दोन खोल्या राहिल्या, आणि त्यांत तिने पुढे सारा जन्म काढला.

माझी बदली झाली, मग दुसरी झाली, आणि वऱ्हाडचा व मध्यप्रांताचा सांधाही सुटला. भाऊजींची खबर पत्रांतून येई. ताई गेल्याची खबरही अशीच कार्डावर आली, मी वेळेवर पोहोचू शकलो नाही. वर्षभराने एका कामासाठी खामगावला गेलो तेव्हा परतीच्या गाडीला तासभर होता म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. मुलाने नवे घर बांधले होते. भाऊजी घरात नव्हते. अंगणाच्या टोकाला निंबाखाली बाजेवर बसले होते, अंगात तोच कोट. मला पाहून मान तिरकी झाली. "ये, साळेबुवा."

ऊन उतरले होते, वारा गार सुटला होता. आत का बसत नाही म्हणून मी विचारले.

"घरात रोज आवाज होत होता. पोराचा, सुनेचा. वितयून राह्यलं होतं सगयं. म्या एकेक काढून पाह्यलं. रेडिओ काढला. खोकला होता माहा, थोही दाबून पाह्यला. शेवटी मलेच काढून पाह्यलं." त्यांनी घराकडे बोट केले. "दोन महिने झाले, मस्त चालून राह्यलं बे घर. आवाज नाई."

मी हसलो. हसण्यासारखेच सांगितले होते त्यांनी. मी म्हणालो, "पण भाऊजी, काढलेलं परत जोडायचं असतं ना? ताई उपाशी ठेवायची तुम्हाला त्यासाठी."

"हाव," ते म्हणाले. खिशातली डबी त्यांनी चाचपली, उघडली मात्र नाही. "पण आपल्या हातानं आपल्याले नाई जोडता येत. त्याले दुसरं मानूस लागते. थे काम तुही ताई करे."

आतून कपबशांचा आवाज येत होता; सून चहा टाकत असावी. भाऊजींनीच मला उठवले, जलंबची गाडी चुकेल म्हणून. मी त्यांच्या पाया पडलो आणि निघालो, आणि गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आले. शेटजींना जोडायला ते उपाशीपोटी अख्खा गाव ओलांडून गेले होते, आणि मी त्यांच्या मागे चाललो होतो. त्या बाजेपासून घराच्या दारापर्यंत जेमतेम दहा पावले होती. नुसते हाताला धरून आत न्यायचे होते.

तेवढे मला जमले नाही. पुढच्या वेळी नेऊ म्हणालो, आणि पुढच्या वेळी मी गेलो ते त्यांच्या तेराव्याला, तेव्हा बाज उभी करून ठेवलेली होती.